चाळणीत अडकलेली मतं

गोष्ट दोन हजार तेरा सालची. व्हिडिओ गेम भागाभागांनी विकायची टूम तेव्हा नवीनच निघाली होती. एक भाग यायचा, मग दोन महिने थांबायचं, मग दुसरा. पूर्वी मासिकातल्या क्रमशः कादंबरीसाठी बायका पोस्टमनची वाट पाहायच्या ना, तशी ही तरुण मंडळी पुढच्या भागाची वाट पाहायची. आणि वाट पाहता पाहता एकमेकांशी कडाकडा भांडायची.

असाच एक गेम टायरच्या दुकानावरच्या दोन मजल्यांवर तयार होत होता. त्यात सगळं जग झॉम्बींनी व्यापलेलं, मेलेली माणसं रस्तोरस्ती फिरताहेत. एक बस, ती चालवणारी एक बाई, आणि आत जीव मुठीत धरून बसलेली सात माणसं. खेळणाऱ्याने ती ड्रायव्हर व्हायचं. गोळीबार कमी, बोलणं जास्त. मध्येच पडद्यावर दोन वाक्यं उमटायची, खाली एक पांढरी रेघ आखडत आखडत जायची, आणि ती संपायच्या आत ठरवायचं... कुणाला आत घ्यायचं, कुणाशी खोटं बोलायचं, कुणाला मागे सोडायचं. ऑफिसात सगळे त्या गेमला नुसतं 'बस' म्हणत.

त्या ऑफिसात एका मुलीचं काम होतं मतं वाचायचं. खेळणारे जे जे लिहीत ते सगळं ती वाचायची, निवडायची, पाखडायची आणि दर सोमवारी दोन पानांचा रिपोर्ट करायची. म्हणून ऑफिसात तिचं नाव पडलं चाळणी. तिला त्याचं काही वाटत नसे. पंचविशीतली मुलगी, बारीक चणीची, केस पेन्सिलीने वर खोवलेले आणि ती पेन्सिल दिवसभर शोधत फिरणारी.

याशिवाय तिला काचेच्या खोलीची ड्यूटी असे. भाग बाहेर पडण्याआधी चार परक्या माणसांना बोलावून तिथे खेळायला बसवत. चाळणी काचेपलीकडे स्टॉपवॉच घेऊन बसायची आणि प्रत्येक निवडीला माणूस किती सेकंद अडखळला त्याची नोंद करायची.

एका दुपारी बोलावलेला माणूस आलाच नाही. ती कंटाळून उठणार, तोच चुरगळलेल्या निळ्या शर्टातला एक जण आत येऊन खुर्चीत बसला. उशीर झाल्याबद्दल ना क्षमा ना काही. तिने नाक मुरडून स्टॉपवॉच सुरू केलं. दरवाजा उघडायचा की नाही, या पहिल्याच निवडीला तो नुसता पाहत राहिला. रेघ संपली, तरी त्याने काही दाबलं नाही. असं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

खेळ संपल्यावर ती फॉर्म घेऊन आत गेली. गोष्ट कशी वाटली, हा पहिला प्रश्न.

"बरी आहे," तो म्हणाला. "पण लेखक भित्रा वाटतो."

विचारणाऱ्याने स्वतःचं मत द्यायचं नाही, असा नियम होता. पण तिच्या तोंडून गेलंच. "भित्रा नाही हो, आडमुठा आहे. त्याला वाटतं, रडवलं की झालं काम."

"तुम्हाला रडवलं?"

"तीनदा." आणि लगेच, "हे कुणाला सांगू नका."

"कुठे कुठे ते सांगा. मग नाही सांगत."

तिने फॉर्म बाजूला ठेवून बोटांवर मोजत तिन्ही जागा सांगितल्या, का रडली ते सांगितलं, आणि तिसऱ्या जागी तर लेखकाचा गळा धरावासा वाटला हेही सांगितलं. तो कोपर गुडघ्यावर टेकून ऐकत होता. ऐकताना डोळे बारीक करायची त्याची लकब तिला — उगीचच — आवडली. एवढ्यात दारातून बाई डोकावल्या. बाई म्हणजे ऑफिसच्या प्रमुख, हातात कायम वेळापत्रक. "लेखकमहाशय, तुम्ही इथे काय करताय? वर सगळे खोळंबलेत," त्या म्हणाल्या.

तिचे कान तापले. लेखक वरच्या मजल्यावर बसायचा, तिने त्याला आजवर पाहिलंच नव्हतं. निळा शर्ट उठला, दारापाशी थांबला.

"आडमुठा," तो म्हणाला. "हा शब्द मला सुचला नव्हता."

बाईंचा एक कडक नियम होता. लेखकाने लोकांची मतं थेट वाचायची नाहीत. त्याच्या आधीच्या लेखकाने सगळीच्या सगळी वाचली होती आणि एके दिवशी तो डबा, छत्री, पिशवी टेबलावर टाकून निघून गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून लेखकाला फक्त चाळणीची दोन पानं मिळत. हाही पथ्य पाळल्यासारखा तो नियम पाळायचा. खेळणाऱ्या हजारो माणसांचं जग त्याला दिसायचं ते तिच्या अक्षरातून, तेवढंच.

ती पानं खरं तर ईमेलने जायची. निळा शर्ट मात्र ती घ्यायला स्वतः खाली येऊ लागला. दोन हातांत दोन चहाचे कप, बोटं भाजताहेत, आणि तरी कप ठेवायला टेबलावर जागा शोधत उभा. ती कागद सरकवायची, तो खिडकीला टेकून वाचायचा. खालून नव्या टायरांचा रबरी वास यायचा. एका बाईने लिहिलं होतं, की बसमधल्या लहान मुलीला 'तुझी आई येतेय' असं तिने खोटंच सांगितलं, आणि त्या रात्री जेवताना स्वतःच्या लेकीच्या नजरेला नजर देता आली नाही. तो कागद त्याने घडी घालून वरच्या खिशात ठेवला. दुसऱ्या कुणाचं म्हणणं होतं, की झॉम्बींची आता भीतीच वाटत नाही, बसमधली जिवंत माणसंच छातीत धडकी भरवतात. यावर तो दिवसभर शीळ घालत फिरला.

"आज कुणी शिव्या दिल्या का?" तो विचारायचा.

"दोघांनी. त्यातली एक फार सुरेख आहे."

"वाचून दाखवा की."

"नियम आहे."

"बरं. मग तुमच्या चेहऱ्यावरून ओळखतो." आणि खरंच पाहत राहायचा... इतका वेळ, की तिला फाइलमध्ये डोकं खुपसावं लागायचं.

"काय ओळखलंत?"

"की ती तुम्हालाही पटलीय."

असे सोमवार जात होते. घरी ताई तिला चिडवायची. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दोघी मिळून दोन खोल्यांत राहायच्या. ताई त्याला 'तुझा मारेकरी' म्हणे, कारण दर भागात तो कुणाला तरी मारायचाच.

मग तिसरा भाग आला.

त्यात बसचा फिटर मरतो. दोन वाक्यं येतात: त्याच्यासाठी थांब, किंवा बस हाण. थांबलं तरी तो दहा मिनिटांत मरतो, हाणली तरी मरतो. भाग बाहेर पडला आणि मतांचा नुसता धबधबा कोसळला. चार दिवसांत चारशेच्या वर. आणि त्यातली तीनशे एकच गोष्ट सांगत होती. 'निवड आमची म्हणता आणि मारता तुम्हीच, मग विचारता कशाला?' एकाने दुसऱ्यांदा खेळून उलट निवड करून पाहिली होती. 'तेच झालं. म्हणजे मी खेळत नव्हतो, मला खेळवत होते.' आणि एक अगदी छोटं: 'त्याला वाचवायला मी सगळं पणाला लावलं. तो मेला तेव्हा त्याला ते माहीतच नव्हतं.'

तिने रिपोर्ट लिहायला घेतला, तोच लेखक आला. त्या दिवशी हातात चहा नव्हता. बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, की चौथा भाग निर्णायक. तो लोकांना आवडला नाही, तर पाचवा भाग आणि गोष्टीचा शेवट दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाईल. दोन वर्षं तो त्या बसमध्येच राहत होता म्हणा ना. शेवट त्याला पाठ होता, आणि तो दुसऱ्याने लिहिलेला त्याला पाहवला नसता.

"फिटरचं काय म्हणतात?" त्याने विचारलं. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "माझे वडील असेच गेले. ऑपरेशन करू की नको, यावर आम्ही भावंडं महिनाभर भांडलो. शेवटी केलं. डॉक्टर म्हणाले, नसतं केलंत तरी हेच झालं असतं. तेव्हापासून मला एवढं एकच लिहिता येतं, बहुतेक."

ती पेन्सिल हातात धरून बसली. मग लिहिलं: 'फिटरच्या मृत्यूने खेळणारे हेलावून गेले आहेत.' बाकीचे कागद खालच्या खणात गेले. त्या पानावरचं एक वाक्यही खोटं नव्हतं, आणि सबंध पान खोटं होतं.

त्याने ते वाचलं. खांदे सैल पडले. "मग बरोबर आहे माझं," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसताना त्याचे दात दिसले. त्या हसण्यापायी तिने तो खण आणखी सहा आठवडे बंद ठेवला.

ते सहा आठवडे म्हणजे... काय सांगावं. तो तिला रोज सिग्नलपर्यंत सोडायला येऊ लागला. चालताना बाही बाहीला लागायची आणि दोघंही ती लागलीच नाही असं दाखवायचे. एका शनिवारी सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी कुणी हललं नाही.

"पुढच्या शुक्रवारी भाग बंद होतोय," तो म्हणाला. भाग बंद होणं म्हणजे संध्याकाळी पाचनंतर त्यात काडीचाही बदल करता येणार नाही. "तो झाला की तुम्हाला एक विचारायचंय. आत्ता नाही. आत्ता विचारलं तर तुम्ही रेघ संपेपर्यंत गप्प बसाल."

ती तरंगतच घरी गेली. सोमवारी काचेच्या खोलीत चौथा भाग लागला, आणि तिने तो प्रथमच पाहिला.

ड्रायव्हरचे म्हातारे वडील बसमध्ये असतात. त्यांना झॉम्बी चावलाय, म्हणजे मरण ठरलेलं, पण त्यांना ते कळलेलं नाही. पडद्यावर दोन वाक्यं येतात: सांग, किंवा लपव. आणि काहीही निवडलं तरी वडील सूर्य मावळताना एकच वाक्य बोलून मरतात.

तिच्या हातातलं स्टॉपवॉच चालूच राहिलं. त्याने तिच्या कागदावर भरवसा ठेवून हे सगळं उभं केलं होतं. लोक दुसऱ्यांदा तेच पाहणार, चिडणार, आणि त्याची बस त्याच्या हातून जाणार. सांगितलं, तर अजून चार दिवस होते. पण मग शुक्रवारचा तो प्रश्न... तो कशाला विचारील?

घरी तिने ताईला सगळं सांगितलं. ताई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. एखाद्या भल्या माणसाचा रिपोर्ट वाईट आला आणि दया येऊन मी आकडा बदलला, तर तू मला काय म्हणशील, एवढंच तिने विचारलं. मग पुन्हा भाजी निवडू लागली.

मंगळवारी सकाळी ती खणातला गठ्ठा घेऊन त्याच्या टेबलाशी गेली.

"हे तिसऱ्या भागाचं," ती म्हणाली. "मी... हे दिलं नव्हतं."

त्याने वरचे चार कागद चाळले. चेहरा हळूहळू कोरडा होत गेला. "किती जण म्हणताहेत हे?"

"तीनशेच्या वर."

"आणि तुम्ही लिहिलंत, हेलावले."

"तुमच्या वडिलांचं ऐकलं, आणि मला..."

"माझे वडील तुमच्या रिपोर्टात कुठून आले?"

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं. गठ्ठा उचलून तो काचेच्या खोलीत गेला आणि दार लावून वाचत बसला. एकेक कागद. ऑफिसातून जाणारा येणारा काचेतून पाहायचा. बाई येऊन उभ्या राहिल्या, नियम मोडलेला पाहिला, चाळणीकडे पाहिलं, सगळं ऐकून घेतलं. "शुक्रवार म्हणजे शुक्रवार," एवढं बोलून त्या गेल्या. दुपारचा चहा त्याच्यापुढे तसाच निवला. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. तो तिच्या टेबलाजवळून गेला, थांबला नाही.

बुधवारी कळलं, की चित्रं बदलायला आता वेळ नाही. बदलता येतील ती फक्त बोलणी. वडिलांना आवाज देणारे आजोबा, रंगभूमीवर उभी हयात काढलेले, गुरुवारी सकाळी काठी टेकत आले. ड्रायव्हरचा आवाज देणारी बाई परगावी होती. समोरून कुणीतरी मुलीची वाक्यं वाचायला हवी होती, म्हणजे आजोबांना सूर लागेल. लेखक कागद लावता लावता, मान वर न करता म्हणाला, "चाळणीला बोलवा."

ती त्या लहानशा खोलीत आजोबांसमोर बसली. भिंतींना जाड फोम, एका बाजूला काच आणि तिच्यापलीकडे माइकशी लेखक, श्वास घेतला तरी ऐकू येईल अशी शांतता.

"मी मरतोय की जगतोय?" आजोबांनी विचारलं.

"मरताय," लेखक म्हणाला.

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे. पण आता दोन्हीकडे तुम्हाला माहीत आहे, पोरीने काय केलं ते."

आजोबा कागदाकडे पाहत राहिले. "मग आवाज वेगळा लागेल," ते म्हणाले आणि खाकरून बसले.

आधी 'सांग'ची वाक्यं झाली. मग 'लपव'. तिने वाचलं: "काही नाही, बाबा. साधं खरचटलंय." आणि मान वर केली.

आजोबा कागदाशिवायच बोलले. "मला कळलं होतं गं. सकाळपासून तू माझ्याकडे बघून जरा जास्तच हसत होतीस. माझ्यासाठी लपवलंस ना? पण बाळ... एवढं ओझं तू एकटीने कशाला उचललंस?"

पुढचं वाक्य तिचं होतं. ते तिला वाचता येईना. अक्षरं पुसट झाली होती. काचेपलीकडे लेखक तिच्याकडे पाहत होता, मंगळवारनंतर पहिल्यांदा. फोमच्या त्या खोलीत तिचा श्वास तिलाच ऐकू येत होता. आजोबांनी खुणेनेच तिला पाणी घे म्हटलं. दुसऱ्यांदा वाचलं, तेव्हा जमलं.

शुक्रवारी चार वाजता काचेच्या खोलीत एक पेन्शनर बाई खेळायला बसल्या होत्या. तिसऱ्या भागावर भयंकर चिडून लिहिणाऱ्यांपैकीच एक. बाई, लेखक, चाळणी असे तिघं काचेमागे. पाचला पस्तीस मिनिटं असताना ती दोन वाक्यं आली. रेघ आखडू लागली. पेन्शनर बाईंनी 'लपव' दाबलं. सूर्य कलला, आजोबांचा आवाज आला... आणि पेन्शनर बाईंनी हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवला. चष्मा काढून हातात धरला. बाईंनी घड्याळ पाहिलं. लेखकाची बोटं खिडकीच्या चौकटीवर पांढरी पडली होती.

चाळणी फॉर्म घेऊन आत गेली. गोष्ट कशी वाटली, तिने विचारलं.

"मला वाटलंच होतं हे मरणार म्हणून," पेन्शनर बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "मरू देत. पण त्यांना कळलं हो. मी काय केलं ते त्यांना कळलं." मग म्हणाल्या, "हे लिहिणाऱ्याला सांगा. मागच्या वेळी मी जरा जास्तच बोलले होते."

तिने शब्दन् शब्द लिहून घेतला. काही गाळलं नाही. पाचला दहा कमी असताना बाईंनी सही केली आणि भाग बंद झाला.

सगळे पांगल्यावर लेखक तिच्या टेबलापाशी आला. उभाच राहिला.

"मी बाईंना सांगितलंय," तो म्हणाला, "सोमवारपासून माझ्या लिखाणावरची मतं दुसऱ्या कुणीतरी वाचावीत."

"बरोबर आहे." ती खण आवरत होती. "विश्वास राहिला नाही माझ्यावर."

"मतांच्या बाबतीत? अजिबात नाही." तो खुर्ची ओढून समोर बसला. "तीनशे माणसांनी मला खरं सांगितलं. त्यांचा राग नाही आला मला. तुझा आला. चार दिवस विचार करत होतो, की एवढा का आला." तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता तो, आणि ते दोघांनाही कळलं होतं. "लोक मला काय म्हणतात हे सांगायला कुणीही चालेल. ते ऐकून तोंड पाडून मी घरी येईन... तेव्हा घरात छान छान बोलणारं कुणीतरी लागेल ना?"

तिने खण बंद केला. उघडला. पुन्हा बंद केला.

"म्हणजे खोटं बोललेलं चालेल?"

"घरात. ऑफिसात नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मग..." त्याने डोळे बारीक केले. "तर माझा फिटर झाला म्हणायचा."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. "एक अट आहे," ती म्हणाली. "मनात वडिलांबद्दल काही असलं, तर आधी मला सांगायचं. मग लिहायचं. कुणाला मारायचं ते त्यानंतर."

"कबूल."

"मग माझंही कबूल," ती म्हणाली, इतक्या हळू, की त्याने पुन्हा म्हणायला लावलं.

चौथ्या भागावर लोक तितकेच भांडले, पण आता भांडण सांगणाऱ्यांचं आणि लपवणाऱ्यांचं होतं. पाचवा भाग त्यानेच लिहिला. त्याची मतं वाचायचं काम बाईंनी स्वतःकडे घेतलं आणि त्या ती जशीच्या तशी, शिव्यांसकट, मोठ्याने वाचून दाखवत. चार वर्षांनी कंपनी बंद पडली, वरचे दोन्ही मजले टायरवाल्याने गोदामासाठी घेतले. बाई आता एका मोठ्या इस्पितळातल्या ऑपरेशनांची वेळापत्रकं सांभाळतात, आणि तिथेही शुक्रवार म्हणजे शुक्रवारच असतो. आजोबा पुढच्याच हिवाळ्यात गेले. त्यांना शेवटचं पाहायला दोन अनोळखी तरुण आले होते, ज्यांनी त्यांचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. ताई लॅबची प्रमुख झाली. मेहुण्याला ती अजून मारेकरीच म्हणते, त्याच्या तोंडावर.

चाळणी फोमच्या खोल्यांतून बाहेर पडलीच नाही. आता ठिकठिकाणच्या स्टुडिओंत आवाज देणाऱ्यांना सूर लावून द्यायचं काम करते, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. लेखक लिहितोच आहे. नवीन काही लिहिलं की तो ते दहा परक्या माणसांना देतो, त्यांची बोलणी खातो, खाडाखोड करतो, आणि सगळ्यांत शेवटी तिच्यापुढे ठेवतो. ती वाचते, चष्मा काढते, म्हणते, "छान आहे." तिच्या या बोलण्यावर त्याचा काडीचाही विश्वास नसतो. तरी ते ऐकल्याशिवाय त्याने आजवर एकही पान छापायला दिलेलं नाही.